ऑर्डरची तलवार

जपानच्या गिफू प्रांतातलं सेकी हे गाव सातशे वर्षांपासून पाती घडवत आलं आहे. पूर्वी तलवारी, आता मुख्यतः स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, कात्र्या, वस्तरे आणि नेलकटर. तलवारीचे लोहार मोजकेच उरले आहेत. माझी मुलगी सानिका तिथल्या एका छोट्या दुकानात काम करते. परदेशातून तलवारीची मागणी आली की ती इंग्रजीत नीट समजून घ्यायची, जपानीत कारागिरांपर्यंत पोचवायची आणि तलवार तयार होईपर्यंत गिऱ्हाइकाला उत्तरं देत राहायची, हे तिचं काम. आता तिला याच कामाचं स्वतःचं दुकान काढायचं आहे. तलवार स्टॉकमध्ये ठेवायची नाही, प्रत्येक तलवार मागणीप्रमाणे, जपानमधल्या परवानाधारक लोहाराकडूनच घडवून घ्यायची, असा तिचा बेत आहे.

माझे थोरले बंधू, म्हणजे माझे दादा आणि तिचे काका, यांनी उभं आयुष्य भोसरीत फोर्जिंगचं वर्कशॉप चालवण्यात घालवलं. पोलादाचा रंग पाहून तापमान सांगणारा माणूस. त्यांना हा बेत मुळीच पटला नाही. सानिका सुट्टीवर आली होती, तेव्हा दोघांचं जे बोलणं झालं ते इथे देतो आहे. मला जिथे गप्प बसवलं नाही, तिथे माझंही मत आहे.

काका : वर्षाला किती तलवारी विकशील?

सानिका : सुरुवातीला सहा-सात. नीट बस्तान बसलं तर दहा-बारा.

काका : सहा-सात नगांवर दुकानाचं भाडंसुद्धा सुटत नाही. वीस लोहारांकडे माल टाक.

सानिका : वीस लोहार आणायचे कुठून? आणि एका लोहाराला महिन्याला दोनच लांब तलवारी घडवायची परवानगी असते, काका. पातं दोन शाकु, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरच्या वर असेल तर दोन. आखूड असेल तर तीन. परवानाही असातसा मिळत नाही. आधी जाणत्या लोहाराकडे पाच वर्षं उमेदवारी करायची, मग सरकारच्या सांस्कृतिक खात्याचं आठ दिवसांचं शिबिर असतं, त्यात काम करून दाखवावं लागतं. १९८९ च्या सुमाराला लोहारांच्या संघटनेत तीनशेच्या आसपास माणसं होती. आज दोनशेसुद्धा नाहीत.

काका : म्हणजे माल कमी, कारागीर कमी, आणि वरून सरकारने हात बांधलेले. अशा धंद्यात कुणी पडतं का?

सानिका : तयार तलवारीची नोंद करायची ती प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे. मालक बदलला की २० दिवसांत कळवायचं. परदेशी पाठवायची असेल तर सांस्कृतिक खात्याचा दाखला घ्यायचा आणि नोंदणीचा कागद परत करायचा. भारतात तर मी पाठवणारच नाही, शस्त्र कायद्याखाली आयातीचा परवाना काढणं माझ्या आवाक्यातलं नाही.

काका : शिक्षण मंडळ? तलवारीची नोंद पोलिसांकडे नाही?

या प्रश्नाचं उत्तर सानिकाने दिलं, पण ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण पुढच्या सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे. १९४५ साली जपान हरला आणि अमेरिकी सैन्याने घराघरांतून शस्त्रं जमा करायला सुरुवात केली. लाखो तलवारी गोळा झाल्या. कित्येक वितळवल्या गेल्या, कित्येक समुद्रात टाकल्या गेल्या, कित्येक सैनिकांनी आठवण म्हणून घरी नेल्या. तेव्हा होन्मा जुन्जी आणि सातो कान्इची या जाणकारांनी कर्नल कॅडवेल या अमेरिकी अधिकाऱ्याला समजावलं की यातल्या चांगल्या तलवारी या देशाचा कलेचा ठेवा आहेत. त्याने ऐकून घेतलं. १९४८ साली तलवारींच्या जतनासाठी संस्था निघाली. नव्या तलवारी घडवायला पन्नाशीच्या दशकात पुन्हा परवानगी मिळाली आणि १९५८ साली बंदुका-तलवारींचा आजचा कायदा झाला. तलवार वाचली ती कलावस्तू म्हणून, म्हणून तिची नोंद शिक्षण खात्यात. त्याची किंमतही मोजावी लागली. जी तलवार परंपरागत रीतीने घडलेली नाही तिला जपानमध्ये जागा नाही. युद्धकाळात याच सेकी गावात कारखान्यांनी सैन्यासाठी ढिगांनी तलवारी काढल्या. त्यांची आज नोंदणीसुद्धा होत नाही. आणि आजचा लोहार स्प्रिंगच्या पोलादातून तलवार करीन म्हणाला, तर ते बेकायदा ठरतं.

काका : मग मला सांग, परंपरागत पोलाद म्हणजे काय? तामाहागानेच ना?

सानिका : हो. शिमाने प्रांतात ओकुइझुमोला तातारा नावाची मातीची भट्टी आहे. युद्धानंतर बंद पडली होती, १९७७ साली जतन संस्थेने पुन्हा पेटवली. दर हिवाळ्यात थोड्याच वेळा चालते. तीन दिवस, तीन रात्री सतत. साधारण १० टन लोहवाळू, १२ टन लोणारी कोळसा, आणि शेवटी भट्टी फोडून अडीच टनांचा गोळा बाहेर काढतात. त्यातलाही थोडाच भाग तलवारीच्या लायकीचा असतो.

काका : अडीच टनांसाठी बारा टन कोळसा! आणि हाती काय येतं? कार्बन कुठे एक टक्का, कुठे दीड, मध्ये मळी अडकलेली. लोहार ते ठोकतो, दुमडतो, पुन्हा ठोकतो. लोकांना वाटतं दहा-पंधरा घड्या घातल्याने पोलादात जादू शिरते. अगं, तो साफसफाईचा उद्योग आहे! मळी बाहेर काढायची, कार्बन सगळीकडे सारखा करायचा आणि जळू देत सात दशांशावर आणायचा. मी आज बाजारातून १०६० नंबरचं पोलाद आणतो. कार्बन शून्य पूर्णांक सहा दशांश टक्के, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा. एकही घडी नको. आणि वाकवून बघ दोन्ही पाती. कुठलं टिकेल, मी पैज लावतो.

सानिका : पैज तुम्ही जिंकाल. मजबुतीसाठी माझ्याकडे कुणी येतच नाही.

हे ऐकून दादा क्षणभर थांबले. त्यांनी वादाची तयारी मजबुतीच्या बाजूने केली होती आणि मुलीने ती बाजू न लढता सोडून दिली. मला हे तिचं फार आवडलं. जपानी तलवारीविषयी ज्या भाकडकथा जगभर फिरतात, की ती बंदुकीची नळी कापते, दुसऱ्या तलवारी तोडते, त्या विकून पैसा करणारे पुष्कळ आहेत. या मुलीने काकांसमोर पहिल्याच झटक्यात त्या बाजूला सारल्या.

काका : मग कशासाठी येतात?

सानिका : ज्या घड्यांना तुम्ही साफसफाई म्हणता, त्यांचे थर पात्यावर दिसतात म्हणून. लाकडाच्या रेषांसारखे. पंधरा घड्या म्हणजे हिशोबाने बत्तीस हजारांवर थर, पण डोळ्याला त्यांची जी वेल दिसते ती प्रत्येक लोहाराची वेगळी. आणि धारेच्या कडेने जाणारी ती पांढुरकी लाट, हामोन. ती काढलेली नसते, पाणी देताना येते.

काका : ते मला माहीत आहे. पाठीवर चिखल जाड, धारेवर पातळ. लालभडक तापवून पाण्यात घातलं की धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. कडक झालेलं पोलाद फुगतं, म्हणून पातं मागे वळतं. तलवारीचा बाक लोहार ठोकून पूर्णपणे आणत नाही, बराचसा पाण्यात येतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोपलो नव्हतो. आणि त्याच क्षणी तडकतंही. महिन्याभराचं काम एका चर्र आवाजात गेलं. माझ्याकडे डाय तडकायच्या तेव्हा मी दोन दिवस कुणाशी बोलायचो नाही.

सानिका : धारेला तडा गेला तर लोहार ते पातं देतच नाही. पुन्हा पहिल्यापासून. आणि गिऱ्हाइकाला हे कळवायचं काम माझं. पहिल्या वेळी मला वाटलं होतं, माणूस पैसे परत मागेल. त्याने विचारलं, लोहार ठीक आहे ना?

काका : अशी गिऱ्हाइकं किती मिळतात, ते बघ आधी.

सानिका : पाणी दिल्यावर सुद्धा लाट दिसत नाही, काका. ती पॉलिश करणारा दाखवतो. तो वेगळा माणूस, त्याची उमेदवारी वेगळी. एकामागून एक बारीक होत जाणारे दगड, शेवटचे तर नखाएवढे, कागदाइतके पातळ, पाठीला लाखेने कागद चिकटवलेले. अंगठ्याखाली धरून पात्यावर फिरवतो. नुसत्या पॉलिशचं बिल दोन-तीन लाख येन होतं. मग पात्याच्या मुळाशी बसणारी तांब्याची कडी करणारा, म्यानासाठी होनोकीचं लाकूड कोरणारा, त्यावर लाखेचे हात देणारा, मुठीवर पाकट माशाचं कातडं आणि वर दोरी गुंडाळणारा. एका तलवारीवर पाच-सहा घरं चालतात. लाखेला तर घाई चालतच नाही, ती दमट हवेत सुकते, एकेका हातामध्ये दिवस जातात. साध्या ऑर्डरला वर्ष ते दीड वर्ष लागतं. दर दहा लाख येनपासून पुढे. नावाजलेल्या लोहाराचा कितीतरी पट.

काका : म्हणजे आपले सहा लाख रुपये, आणि वाट दीड वर्ष. आता माझं ऐक. चीनच्या चेच्यांग प्रांतात लोंगछुआन नावाचं गाव आहे. अडीच हजार वर्षांची तलवारींची परंपरा सांगतात. चीन सरकारने २००६ साली तिथल्या तलवारीच्या कलेची राष्ट्रीय वारशात नोंद केली आहे. तो लोहारही भट्टीसमोर उभा राहतो, तोही चिखल लावून पाणी देतो. लांबी तुझी, मुठीचा रंग तुझा, म्यान तुझं, सगळं ऑर्डरप्रमाणे, तीनशे डॉलरला, दोन महिन्यांत. कापायला उत्तम. दोन्ही लोहारच ना? मग एकाच्या हातचं काम कला, आणि दुसऱ्याचं नक्कल?

सानिका : नक्कल लोहार करत नाही, विकणारा करतो. पात्यावर जपानी नाव कोरायचं, पेटीत खोटं प्रमाणपत्र घालायचं, ॲसिडने लाट रंगवायची आणि जाहिरातीत लिहायचं, जपानी उस्तादाने घडवलेली. स्वस्त माल असेल तर मुठीत जाणारं पात्याचं टोक बोटभर असतं. जोरात फिरवली की पातं सुटून समोरच्याच्या अंगावर.

काका : मग तू खोटं लिहू नकोस! लोंगछुआनमध्ये घडली, अमक्या पोलादाची, हामोन खरी, किंमत इतकी, असं स्वच्छ लिही. खोटं बोलणाऱ्याचं पाप त्या चिनी लोहाराच्या माथी का मारतेस? त्याचं नाव तर तू कधी विचारलंही नाहीस.

इथे मी दादांच्या बाजूने आहे. हाताने काम करणाऱ्या माणसाची प्रतिष्ठा त्याच्या गावावरून ठरत नाही. जपानच्या कायद्याने लोहाराला महिन्याला दोन तलवारींवर बांधलं, आधुनिक पोलाद नाकारलं, आणि मग जगभरच्या तलवार शिकणाऱ्या, कापायचा सराव करणाऱ्या हजारो माणसांची गरज भागवणारं दुसरं गाव उभं राहिलं. त्यात लोंगछुआनच्या लोहाराचा काय गुन्हा? सानिकाच्या डोक्यात सेकी गावाचा अभिमान इतका भरला आहे, की तिला हे मान्य करायला वेळ लागला.

सानिका : बरं, मान्य. तो लोहारच आहे. पण माझं गिऱ्हाईक माझ्याकडे जपानी तलवार मागायला येतं. शिवाय कागद नुसता अब्रूचा प्रश्न नाही. ब्रिटनने २००८ साली ५० सेंटिमीटरच्या वरच्या वाकड्या तलवारी विकायला बंदी केली, तेव्हा परंपरागत हातपद्धतीने घडवलेल्यांना सूट द्यावी लागली. कुठे, कशी, कुणी घडवली हे कागदावर नसेल तर सीमेवर माल अडकतो.

काका : तू जपानी पातंच पाहिजे म्हणतेस. आपल्याकडच्या तलवारी बघ. मराठ्यांच्या फिरंगी तलवारीचं पातं युरोपातलं असायचं आणि मूठ आपल्या कारागिराने बसवलेली. पातं बाहेरचं होतं म्हणून ती तलवार कुणी परकी मानली का?

सानिका : नाही. पण त्या पात्यांवरचे युरोपी छाप इथल्या लोहारांनीही उठवायला सुरुवात केली होती. कारण गिऱ्हाईक छाप बघूनच पैसे देत होतं. जपानमध्ये हेच कोतेत्सुचं झालं. सतराव्या शतकातला लोहार, नाव इतकं मोठं झालं की त्याच्या नावाच्या तलवारींपैकी बहुतेक खोट्या निघतात. म्हणून मला नाव जिथे कोरलंय तिथे ते खरं पाहिजे. मुठीच्या आत, जिथे एरवी कुणाला दिसत नाही, तिथेसुद्धा.

यानंतर सानिकाने जे सांगितलं त्यावर मी बराच विचार केला. पंधराव्या-सोळाव्या शतकात जपान सतत लढत होता. बिझेन प्रांतातल्या ओसाफुने गावात तेव्हा लोहारांची गर्दी होती. पायदळासाठी तलवारी ढिगाने लागत, तशा ढिगाने घडत. मिंग राजवटीतल्या चीनला व्यापारी जहाजांतूनही तलवारी जात. १४८३ च्या एकाच खेपेत ३० हजारांहून अधिक तलवारी गेल्या, आणि जसा आकडा वाढत गेला तसा एकेका तलवारीचा भाव घसरत गेला. पण त्याच गावात, त्याच लोहारांकडे कुणी सरदार खास तलवारीची मागणी करायचा. ती सावकाश घडायची, निवडक पोलादाची असायची, आणि मुठीच्या आतल्या भागावर लोहाराच्या घराण्याच्या नावाबरोबर त्याचं स्वतःचं नाव कोरलेलं असायचं. कधी कधी ज्याच्यासाठी घडवली त्याचंही. जपानच्या संग्रहालयांत त्या काळातल्या ज्या तलवारी मानाने ठेवल्या आहेत, त्यांत या ऑर्डरच्या तलवारी पुष्कळ आहेत.

सानिका : म्हणून म्हणते, मला ढिगातला धंदा करायचाच नाही. माझं दुकान त्या दुसऱ्या रांगेतलं.

काका : आता मी सांगतो ते ऐक, कारण हे मला भट्टीने शिकवलं आहे. त्या ढिगाच्या तलवारी नसत्या तर ओसाफुनेची भट्टी सरदाराची ऑर्डर येईपर्यंत पेटती राहिली असती का? भाता ओढणारी पोरं कशावर जगली असती? मी आयुष्यभर ट्रॅक्टरचे पार्ट ठोकले. वर्षातून एखादं काम असं यायचं की करताना छाती भरून यायची. पण त्याला हात तयार राहिला तो ट्रॅक्टरच्या पार्टांनी. तुझ्या सेकीचंच बघ. १८७६ साली मेइजी सरकारने लोकांना तलवार लावून बाहेर फिरायला बंदी केली, तेव्हा तिथले लोहार जगले कशावर?

सानिका : चाकू, सुऱ्या, कात्र्या.

काका : मग तुझी सुरी कुठली?

या प्रश्नावर माझी मुलगी गप्प झाली. मला वाटतं, सगळ्या वादात हाच प्रश्न खरा होता. नुसत्या उंची कामावर कोणतीही कारागिरी जगत नाही. ज्याला रोजचं काम नाही त्याचा हात सुटतो, आणि ज्याचा हात सुटला त्याच्याकडे उंची काम येत नाही. इसे इथल्या मंदिराचं दर वीस वर्षांनी नवनिर्माण होतं आणि देवतेला अर्पण करायच्या तलवारी नव्याने घडवून घेतल्या जातात. कलेसाठी हे मोठं आश्रयस्थान आहे. पण वीस वर्षांतून एकदा मिळणाऱ्या कामावर लोहाराच्या घरी रोजचा भात शिजत नाही.

सानिका : लोकांचा ओढा वाढतोय, काका. २०१५ साली तोकेन रानबू नावाचा खेळ आला. त्यात जुन्या प्रसिद्ध तलवारी तरुण मुलांच्या रूपात दाखवल्या आहेत. त्यापायी कॉलेजातल्या मुली संग्रहालयांत रांगा लावून पात्याची लाट बघायला लागल्या. हरवलेल्या होतारुमारू तलवारीची प्रतिकृती घडवायला सेकीच्या एका लोहाराने लोकवर्गणी मागितली, ती मागितली त्याच्या कितीतरी पट जमली. सेतोउची या छोट्या शहराने ५० कोटी येनची सान्चोमो तलवार २०२० साली विकत घेतली, तीही मुख्यतः लोकांनी दिलेल्या पैशांतून.

काका : बघणारे वाढले. विकत घेणारे किती? पन्नास कोटी गेले ते जुन्या तलवारीला. आजच्या लोहाराला त्यातलं काय मिळालं? आणि दुसरं, हे आधी विचारायला हवं होतं मी, ॲडव्हान्स किती घेतेस?

सानिका : दुकान अर्धे घेतं.

काका : ते पैसे तुझे नव्हेत. लक्षात ठेव. माणूस दीड वर्ष आधी पैसे देतो. तेवढ्यात येन चढला-उतरला, लोहार आजारी पडला, पातं तडकलं, तर ते पैसे खर्च करून बसलेला दुकानदार संपतो. माझ्या ओळखीतले दोघे असेच संपले, धंदा वेगळा होता एवढंच. वेगळं खातं उघड. लोहाराने पातं दिलं की त्याचे त्याला, पॉलिशवाल्याचं काम झालं की त्याचे त्याला. आणि पहिल्याच पानावर लिही, तडकलं तर खर्च कुणाचा आणि उशीर किती.

सानिका : लोहाराचा. आमच्याकडे तशीच रीत आहे. त्याने पातं दाखवेपर्यंत पोलाद आणि कोळसा त्याचा.

काका : मग गिऱ्हाइकाकडून त्यासाठी थोडं जास्त घे आणि ते लोहाराला दे. तडा त्याच्या चुकीने जात नाही नेहमी. आणि मापं कशी घेतेस?

सानिका : उंची विचारते. १७० सेंटिमीटरच्या माणसाला साधारण दोन शाकु चार सून, म्हणजे ७३ सेंटिमीटरच्या जवळपास. मग काय करणार ते विचारते. नुसतं बघायला, इआइदो या तलवारविद्येचा सराव करायला की गवताच्या गुंडाळ्या कापायला. त्यावर वजन आणि रुंदी ठरते. लाट सरळ हवी की फुलांसारखी, मुठीची दोरी रेशमी की सुती. पुष्कळ लोक पत्रात भलतंच मागतात. सिनेमात पाहिलेली. त्यांना मी सांगते, हे लोहार करणार नाही, आणि का करणार नाही.

काका : आणि ज्याच्याकडे पन्नास हजारच येन आहेत, पण शिकायची खरी हौस आहे, त्याला काय सांगतेस? परत जा?

सानिका : नाही, त्याला आम्ही इआइतो देतो.

काका : म्हणजे?

सानिका : सरावाची तलवार. जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं पातं, त्याला धार लागतच नाही. त्यामुळे जपानमध्ये तिला नोंदणी लागत नाही. गिफूमध्येच बनवतात. लांबी, वजन, मुठीची दोरी, ढालीसारखी चकती, म्यानाचा रंग, सगळं मागणीप्रमाणे. काही महिन्यांत तयार होते. वर्षाला अशा चाळीस-पन्नास तरी सहज जातात.

काका : अगं मग एवढा वेळ ही का लपवून ठेवलीस?

सानिका : लपवली नाही. मी तिला तलवार समजतच नव्हते.

काका : पण तिची मूठ कोण गुंडाळतो?

सानिका : तोच. खऱ्या तलवारीच्या मुठी जो गुंडाळतो, तोच.

काका : आणि म्यान?

सानिका : म्यानंही आमच्या ओळखीच्या कारागिराकडेच असतात, वरच्या प्रतीची.

दादा एकदम खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा लोंगछुआनचा आग्रह तिथेच संपला, निदान या दुकानापुरता. खोट्या नावाशिवाय, धारेच्या धोक्याशिवाय, त्याच गावातल्या हातांना वर्षभर काम देणारी वस्तू सानिकाच्या दुकानात आधीच होती. तिच्या मनातल्या मानाच्या उतरंडीत ती खाली होती, एवढंच. सेकीच्या लोहारांना सुरीने जे दिलं, ते या बोथट तलवारीकडून तिला मिळू शकतं, असं मलाही वाटतं. मात्र एक गोष्ट दादांच्या नजरेतून सुटली होती, आणि ती सानिकाने ताबडतोब दाखवून दिली.

सानिका : पण काका, इआइतोने मूठवाला जगतो, म्यानवाला जगतो. लोहार नाही. पातं साच्यातलं असतं.

काका : हं.

सानिका : आणि लोहारांत सगळ्यांत वाईट अवस्था नवीन परवाना मिळालेल्याची. पाच वर्षं गुरूकडे बिनपगारी राबलेला असतो. भट्टी, घण, कोळसा, सगळं स्वतःचं उभं करायचं. आणि त्याच्याकडे ऑर्डर कोण देणार? त्याचं काम कुणी पाहिलेलंच नसतं. काहीजण दोन-तीन वर्षांत सोडून देतात आणि कारखान्यात लागतात.

काका : मग त्याला पहिली ऑर्डर तू दे.

सानिका : मी?

काका : दुकानाच्या नावाने. इआइतोच्या प्रत्येक विक्रीतून थोडं बाजूला काढायचं. वर्षाला एक पातं, एका नव्या लोहाराकडून. पूर्ण पैसे देऊन. सवलत मागायची नाही.

सानिका : मी म्हटलं होतं ना, स्टॉक ठेवणार नाही. आठ-दहा लाख येन कपाटात अडकवून ठेवायचे? आणि तलवार दुकानात ठेवली की तिला दमटपणापासून जपा, तेल लावा, चोरीचा विमा काढा. नाही विकली गेली तर?

काका : नाही विकली गेली तर तीच दुकानात दाखव. मघाशी तूच म्हणालीस, पात्यावरची वेल प्रत्येक लोहाराची वेगळी. ती फोटोत येते का?

सानिका : फोटोत अर्धीसुद्धा येत नाही. दिव्याखाली हातात धरून तिरकी करावी लागते.

काका : मग सेकीला आलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात काय देणार होतीस?

सानिका : ...पहिली दोन शाकु चार सूनचीच घ्यावी लागेल. त्या मापाचं गिऱ्हाईक सगळ्यांत जास्त.

काका : घे. पण लाट कशी हवी ते तू ठरवू नकोस. लोहाराला ठरवू दे.